रस म्हणजे झाडपाला नव्हे: सहा गर्भवती आणि शिशाचं एक प्रकरण

२०११ आणि २०१२ या दोन वर्षांत न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागापुढे एकामागून एक सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्ततपासणीचे अहवाल आले. सहाही जणींच्या रक्तात शिसं होतं. कमीत कमी १६ आणि जास्तीत जास्त ६४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. त्या काळात अमेरिकेतल्या सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या रक्तात हा आकडा एकच्या आसपास असे. सहाही जणी अमेरिकेबाहेर जन्मलेल्या होत्या. आणि सहाही जणी भारतात बनलेली, तोंडाने घ्यायची आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. एकूण १० औषधं निघाली. ती तपासली, तेव्हा काहींत शिशाचं प्रमाण वजनाच्या २.४ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. काहींत पारा किंवा आर्सेनिकही होतं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात २४ ऑगस्ट २०१२ रोजी हे सगळं प्रसिद्ध झालं.

या घटनेला आता बरीच वर्षं झाली. तरी मी ती पुन्हा पुन्हा काढते, कारण घराघरात चालणाऱ्या एका समजुतीवर तिने नेमकं बोट ठेवलं आहे. ‘आयुर्वेदिक आहे, म्हणजे झाडपाल्याचं आहे, झाडपाल्याचं आहे, म्हणजे अपाय नाही.’ या वाक्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. त्यातला पहिला भाग चुकीचा आहे हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं, आणि ते ठाऊक नसण्याची किंमत इथे पोटातल्या बाळांनी मोजली. आयुर्वेदावर चिखलफेक करायला मी हे लिहीत नाही. शतावरी, जेष्ठमध, लोध्र, अशोक यांचं ज्ञान बायकांनी आणि वैद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं आहे, त्याबद्दल मला आदर आहे. त्या आदरापोटीच हा फरक नीट सांगायला हवा असं वाटतं.

सापडलं कसं

या सहा जणी काही दुखतंय-खुपतंय म्हणून शिशाच्या तपासणीपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. न्यूयॉर्क राज्यात कायदाच असा आहे की गर्भवती स्त्री पहिल्यांदा तपासणीला आली की तिला शिशाचा संपर्क येण्याची शक्यता आहे का, हे डॉक्टरने विचारायचं. जन्म दुसऱ्या देशात झाला का, घरात जुना रंग खरवडण्याचं काम चाललं आहे का, माती किंवा खडू खाण्याची सवय आहे का, बाहेरच्या देशातून आणलेली औषधं किंवा सौंदर्यप्रसाधनं वापरता का, अशा तऱ्हेचे प्रश्न. उत्तरांत धोका दिसला तर रक्त तपासायचं. प्रयोगशाळेने तो निकाल आरोग्य विभागाला कळवायचा. विभागाने मग शिसं आलं कुठून याचा माग काढायचा.

या साखळीतली एक कडी जरी नसती, तरी प्रकरण उघडकीला आलं नसतं. कारण शिशाच्या विषबाधेची लक्षणं आणि गरोदरपणाच्या तक्रारी एकमेकींत बेमालूम मिसळतात. थकवा, मळमळ, बद्धकोष्ठ, पोटात कळा, डोकेदुखी, चिडचिड, झोप न लागणं. यातली कुठली तक्रार गर्भवती बाईने सांगितली तर कुणी चमकेल? ‘या दिवसांत असं व्हायचंच’ हे उत्तर सासूपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तयार असतं. हिमोग्लोबिन कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, आणि त्या द्यायलाच हव्यात; पण रक्त कमी होण्याचं एक कारण रोज सकाळी डबीतून तोंडात जातंय, हे त्या गोळ्यांना सांगता येत नाही.

शिसं रक्त कमी कसं करतं तेही इथेच सांगते. हिमोग्लोबिन बनवण्याच्या वाटेवर जी विकरं (एन्झाइम्स) काम करतात त्यांतली काही शिशामुळे ठप्प होतात, त्यामुळे लोह असूनही ते जागेवर बसत नाही. दुसरीकडे, शरीरात लोह कमी असलं की आतडी ते मिळवण्यासाठी जास्त जोर लावतात, आणि लोहाला आत घेणारं जे दार असतं त्यातूनच शिसंही आत शिरतं. म्हणजे आधीच पांडुरोग असलेली बाई तेच औषध घेऊन जास्त शिसं शोषते, आणि त्या शिशाने तिचा पांडुरोग वाढतो. आपल्याकडे गर्भवतींमध्ये पांडुरोग किती सर्रास आढळतो हे वेगळं सांगायला नको.

गोळीत शिसं आलं कुठून

हा या प्रकरणाचा गाभा आहे. बातमी वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ‘भेसळ’ असा निष्कर्ष काढला. भेसळ हे एक कारण असूच शकतं. दूषित जमिनीत वाढलेली वनस्पती, रस्त्याकाठी वाळवलेली मुळं, कुटण्या-दळण्याची गलिच्छ यंत्रं, यांतून शिसं येतं. पण अशा वाटेने येणारं शिसं दशलक्ष भागांत काही भाग, फार तर काही शे भाग एवढं असतं. २.४ टक्के म्हणजे दशलक्ष भागांत २४,००० भाग. एवढं शिसं धुळीतून येत नाही. ते घालावं लागतं.

आणि ते घातलं जातं, शास्त्रात सांगितल्याप्रमाणे. आयुर्वेदात औषधांच्या दोन मोठ्या परंपरा आहेत. एक काष्ठौषधींची: मुळं, साली, पानं, फळं, त्यांची चूर्णं, काढे, आसवं, अरिष्टं, सिद्ध तुपं आणि तेलं. दुसरी रसौषधींची. इथे ‘रस’ म्हणजे कोरफडीचा किंवा आवळ्याचा रस नव्हे. इथे रस म्हणजे पारा. पारा, गंधक, आणि लोखंड, तांबं, शिसं, कथील, जस्त अशा धातूंची भस्मं यांवर उभं असलेलं हे रसशास्त्र. ते संहितांच्या नंतरच्या शतकांत बहराला आलं. या दोन्ही परंपरा दुकानात एकाच फळीवर, एकाच हिरव्या पानाच्या चित्राखाली मांडलेल्या असतात.

गर्भपाल रस हे नावच घ्या. गर्भ राखणारा तो गर्भपाल; वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीला देण्याची प्रथा आहे. त्याच्या पाठात, म्हणजे ठरलेल्या कृतीत, हिंगूळ, नाग भस्म, वंग भस्म आणि लोह भस्म आहे. सोबत दालचिनी, वेलची, तमालपत्र, सुंठ, मिरी, पिंपळी, धणे, देवदार, मनुका वगैरे. आणि गोकर्णीच्या रसाची भावना, म्हणजे त्या रसात सगळं खलणं. वेलची-मनुका वाचून मन निवांत होतं. पण हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक, वंग म्हणजे कथील, आणि नाग म्हणजे शिसं. डबीवर ‘नाग भस्म’ असं स्वच्छ छापलेलं असलं, तरी रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या मुलीलाही त्यातून शिसं दिसणार नाही. तिने ‘नाग’ हा शब्द फक्त सापासाठी ऐकलेला असतो.

गर्भ राहावा म्हणून दिल्या जाणाऱ्या पुष्पधन्वा रसातही नाग भस्म आहे. म्हणजे दिवस राहण्यासाठी एक आणि राहिल्यावर टिकण्यासाठी दुसरं, असं एखाद्या बाईने ओळीने घेतलं, तर गर्भधारणेच्या आधीपासून शिसं तिच्या अंगात साठायला लागतं. सांधेदुखीसाठी घराघरात असणाऱ्या योगराज गुग्गुळात वनस्पतीच असतात, पण त्यालाच ‘महा’ लागून महायोगराज गुग्गुळ झाला की त्यात नाग, वंग, रौप्य, लोह, अभ्रक आणि पाऱ्याचा रससिंदूर येतो. एका उपपदाचा फरक. बाळंतिणीची कंबर दुखते म्हणून कुणीतरी प्रेमाने आणून दिलेली डबी यातली नेमकी कुठली, हे पाहायला हवं.

शिशाचं भस्म करण्याची कृती लांबलचक आहे. शिसं वितळवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत प्रत्येकी सात-सात वेळा ओततात. त्याला शोधन म्हणतात. मग मनःशिळेबरोबर खलून, अग्नीची पुटं देऊन, म्हणजे पुन्हा पुन्हा भाजून, मारण करतात, म्हणजे धातूचं भस्म करतात. ६० पुटं देण्याचाही एक पाठ आहे. मनःशिळा हे आर्सेनिकचं संयुग. हे सगळं वाचताना त्या कारागिरांच्या चिकाटीचं मला कौतुक वाटतं. पण रसशास्त्राची बाजू घेणारे जेव्हा म्हणतात की ‘शोधन-मारणाने धातूचं विष जातं’, तेव्हा थांबावं लागतं. शिसं हे मूलद्रव्य आहे. अग्नी त्याचं रूप बदलतो; धातूचं सल्फाइड किंवा ऑक्साइड होतं. त्यातलं शिसं जळून जात नाही. सल्फाइड पाण्यात सहज विरघळत नाही हे खरं, म्हणून ते कच्च्या शिशाच्या क्षारांपेक्षा कमी शोषलं जातं हेही मानू. पण जठरात आम्ल असतं, मात्रा रोजची असते, आणि महिनोन्‌महिने चालते. वाद मिटवायला रक्ताचा आकडा पुरेसा आहे. शिसं शोषलं गेलंच नसतं, तर सहा जणींच्या रक्तात ते आलं कसं?

थोडा हिशेब मांडते. २५० मिलिग्रॅमची एक गोळी धरू आणि तिच्यात २.४ टक्के शिसं. म्हणजे एका गोळीत ६ मिलिग्रॅम, अर्थात ६,००० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीसाठी अन्नातून येणाऱ्या शिशाची संदर्भ-मर्यादा २०२२ मध्ये दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम अशी खाली आणली. प्रकरण घडलं तेव्हा गर्भवतीसाठी ती २५ होती. जुन्या, सैल मर्यादेने मोजलं तरी एका गोळीत २४० दिवसांचा वाटा भरतो. गरोदरपण असतं साधारण २८० दिवसांचं. त्यात अशी औषधं बहुधा उपाशीपोटी घ्यायला सांगतात, आणि रिकाम्या पोटी शिसं भरल्या पोटाच्या कितीतरी पट जास्त शोषलं जातं.

बाळापर्यंत

शिसं शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं. म्हणून ते हाडांत जाऊन बसतं. प्रौढ माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथे वर्षानुवर्षं, दशकंही राहतं. रक्तातलं शिसं मात्र महिन्या-सव्वा महिन्यात निम्मं होतं. म्हणजे औषध बंद करून काही महिन्यांनी रक्त तपासलं तर आकडा दिलासा देणारा येतो, आणि हाडांतला साठा तसाच असतो.

गर्भारपणात बाळाच्या हाडांसाठी कॅल्शियम लागतं. आहारातून ते पुरेसं आलं नाही तर आईच्या हाडांतून काढलं जातं, आणि त्याबरोबर शिसंही सुटतं. वार त्याला अडवत नाही. नाळेतल्या रक्तात शिशाची पातळी आईच्या पातळीच्या जवळपास पोहोचते. आईच्या रक्तातलं शिसं जास्त असेल तर रक्तदाब वाढणं, गर्भपात होणं, बाळ कमी वजनाचं होणं यांचा धोका वाढतो. आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम पुढे शिकण्यात, लक्ष लागण्यात, वागण्यात दिसतो. जागतिक आरोग्य संघटना शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानत नाही.

गर्भ टिकावा म्हणून जे घेतलं, त्यातल्या धातूमुळे गर्भपाताचा धोका वाढतो. हे वाक्य लिहून मी थोडा वेळ थांबले होते. एकदा-दोनदा गर्भपात झालेली बाई किती आशेने ती गोळी घेत असेल, वेळ चुकू नये म्हणून किती जपत असेल, याचा विचार केला की तिला ‘अडाणी’ म्हणणाऱ्यांचा राग येतो. तिने काही चूक केली नाही. तिला दिलेल्या डबीवर जे लिहायला हवं होतं ते तिला कळेल अशा भाषेत लिहिलेलं नव्हतं.

पुढे काय केलं, काय करता येतं

आरोग्य विभागाने त्या औषधांची माहिती डॉक्टरांना, उत्पादकांना आणि अमेरिकेतल्या तसंच बाहेरच्या सरकारी यंत्रणांना कळवली. अशी औषधं विकणाऱ्या एका स्थानिक व्यवसायाला विक्री थांबवण्याचा आदेश दिला.

अशा स्त्रीवर उपचार करताना पहिली आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ते औषध बंद करणं. ऐकायला सोपं, पण घरात सोपं नसतं. डबी कुणी आणली, कुणाच्या शब्दाखातर ती सुरू झाली, हे सगळं त्यात येतं. म्हणून डॉक्टरने ‘हे फेकून द्या’ एवढंच म्हणून भागत नाही. रक्ताचा आकडा तिला आणि घरच्यांना दाखवून, नागाचा अर्थ समजावून सांगावा लागतो. आणि डबी फेकायची नाही, तपासायला द्यायची.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१० मध्ये गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी मार्गदर्शन काढलं होतं. त्यानुसार रक्तात ५ किंवा त्याहून जास्त मायक्रोग्रॅम शिसं निघालं की उगम शोधायचा, पुन्हा तपासत राहायचं, आणि आहार-पूरक मिळून दिवसाला २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जाईल असं पाहायचं, म्हणजे आईची हाडं कमी झिजतील. लोहाची कमतरता असेल तर ती भरून काढायची. ४५ च्या वर आकडा गेला तर शिसं ओढून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं द्यायची का, याचा निर्णय या विषयातल्या तज्ज्ञांना विचारून घ्यायचा; गर्भाचे अवयव घडण्याच्या पहिल्या महिन्यांत ही औषधं देताना फार जपावं लागतं. या प्रकरणात वरचा आकडा ६४ होता हे लक्षात घेतलं, की केवढ्या काठावर उभं राहून हा निर्णय घ्यावा लागतो ते समजेल. बाळंतपणानंतर आईचा आकडा ४० च्या खाली असेल तर अंगावर पाजायला हरकत नाही. त्याहून जास्त असेल तर तो उतरेपर्यंत दूध काढून टाकायचं, म्हणजे दूध आटत नाही आणि पुढे पाजता येतं.

आपल्या कायद्यात काय आहे

केंद्र सरकारच्या आयुष विभागाने निव्वळ वनस्पतिजन्य आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांच्या निर्यातीआधी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची केली. शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १०, पाऱ्याची १, आर्सेनिकची ३, कॅडमियमची ०.३. या प्रकरणातला वरचा आकडा या मर्यादेच्या २,४०० पट होतो. पण ‘निव्वळ वनस्पतिजन्य’ हे शब्द नीट वाचा. ज्या औषधाच्या पाठातच धातू आहे, त्याला ही मर्यादा लागूच कशी होणार?

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत विषारी द्रव्यांची यादी आहे. त्यात पारा, हिंगूळ, हरताळ (हेही आर्सेनिकचं संयुग), मनःशिळा, शेंदूर आहेत. यांतलं काही असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशा अर्थाची सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापावी लागते. सूचना असते, तिचा ठसा बारीक असतो. आणि वैद्याकडे न जाता शेजारणीच्या सांगण्यावरून घेतलेल्या डबीवर ती असूनही तिचा काही उपयोग होत नाही. १९५४ चा औषधे व जादुई उपाय कायदा तर पाळीच्या तक्रारी बऱ्या करण्याच्या, गर्भधारणा रोखण्याच्या किंवा गर्भ पाडण्याच्या औषधांच्या जाहिरातीच मना करतो. त्याच्या अनुसूचीत स्त्रियांचे आजार आणि वंध्यत्वही आहे. आता आपल्या फोनवर दिवसभरात येणाऱ्या जाहिराती आठवून पाहा.

अमेरिकेत विकलेलं किंवा बनलेलं म्हणजे स्वच्छ, असंही कुणी समजू नये. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये जड धातू निघाले होते. २००८ मध्ये त्याच संशोधकांनी इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ औषधांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०.७ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. भारतात बनलेल्यांत हे प्रमाण १९.५ टक्के, अमेरिकेत बनलेल्यांत २१.७. देशाने फरक पडला नाही. परंपरेने पडला: रसशास्त्राच्या औषधांत ४०.६ टक्के, बाकीच्यांत १७.१. हा दुसरा आकडाही काही छोटा नाही, आणि तो निव्वळ काष्ठौषधी बनवणाऱ्यांनी फार गांभीर्याने घ्यायला हवा.

मग झाडपाला तरी निर्धोक का?

नाही. याचा पुरावा मराठीतच आहे. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी. कळा लावते म्हणून कळलावी. अडलेल्या बाळंतिणीसाठी तिच्या कंदाचा लेप लावत. त्या कंदात कोल्चिसिन असतं. पोटात गेला तर जीव घेतो. संस्कृतातली लांगली ती हीच, आणि ‘ई-१’ यादीत तीही आहे. ज्या लोकांनी हे नाव दिलं त्यांना वनस्पतीची ताकद पुरेपूर माहीत होती. ‘झाडपाल्याने काय होतंय’ हे वाक्य त्यांचं नव्हे, आपलं आहे.

अशोकाचंही असंच. अंगावरून जास्त जात असेल तर अशोकाच्या सालीचा उपयोग परंपरेने सांगितला आहे. खरा सीताअशोक आता दुर्मीळ होत चालला आहे, आणि बाजारात त्याच्या नावावर बऱ्याचदा उंच सरळ वाढणाऱ्या, बागेच्या कडेला लावतात त्या आसुपालवाची साल येते. औषध लागू पडत नाही, म्हणून बाई मात्रा वाढवते, महिने जातात, आणि गर्भाशयात गाठ आहे की आणखी काही हे बघायचं राहून जातं.

चरकसंहितेत गर्भिणीसाठी महिन्यागणिक आहार सांगितला आहे. पहिल्या महिन्यात नुसतं दूध. दुसऱ्यात मधुर वनस्पतींनी सिद्ध केलेलं दूध. तिसऱ्यात दूध, मध आणि तूप. चौथ्यात दुधातलं लोणी. पाचव्यात तूप. सहाव्या-सातव्यात मधुर वनस्पतींनी सिद्ध तूप. आठव्यात दूध-तुपातली पेज. त्यात पारा नाही, नाग नाही, वंग नाही. दूध मात्र आहे, म्हणजे कॅल्शियम आहे. शिशाच्या रुग्णाला आज जे द्यायला सांगतात तेच. परंपरेच्या नावाने गर्भवतीला रसौषधी देणाऱ्याने परंपरेतलं हे पान आधी उघडावं.

प्रश्न कसा विचारायचा

या प्रकरणातून घेण्यासारखी सगळ्यांत हाताशी असलेली गोष्ट म्हणजे प्रश्न. ‘कुठलं औषध चालू आहे का?’ असं विचारलं की आपल्याकडची बाई ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून दिलेलं. काढा, चूर्ण, पुडी, माहेरहून आलेली डबी, देवस्थानातून आणलेला प्रसाद, हे औषधात मोडत नाही. कधी ती डॉक्टर रागावतील म्हणूनही बोलत नाही. आधी कुणीतरी रागावलेलं असतं.

म्हणून एकेका वस्तूचं नाव घ्यावं. ‘ताई, गर्भ राहावा म्हणून, टिकावा म्हणून, पाळीसाठी म्हणून काही गोळी, चूर्ण, काढा, भस्म, पुडी घेता का? आधी घेत होतात का? कोणी दिली?’ एवढं विचारायला फार तर एखादं मिनिट लागतं. ‘हो’ आलं तर चेहरा बदलू न देता म्हणावं, ‘पुढच्या वेळी डबी घेऊन या, आपण दोघी मिळून वाचू.’ आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका, घरी जातात तेव्हा त्यांना ती डबी फळीवर दिसतेच. त्यांना नाग, वंग, हिंगूळ, पारद, मनःशिळा, हरताळ, शेंदूर एवढे शब्द ओळखता आले, आणि नावाच्या शेवटी रस, भस्म, पर्पटी, सिंदूर दिसलं की डॉक्टरला सांगायचं हे ठाऊक असलं, तर तपासणीची सोय नसलेल्या गावातही निम्मं काम होईल. ज्या औषधाने त्रास झाला ते कळवायला २०१८ पासून देशात आयुष औषधांसाठी स्वतंत्र दक्षता यंत्रणा आहे. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचं राष्ट्रीय केंद्र आहे. जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयात विचारलं तर कुठे कळवायचं ते समजतं.

चांगल्या वैद्यांनी यात पुढे यावं असं मला मनापासून वाटतं. गर्भवतीला आणि मूल हवं असलेल्या स्त्रीला नाग भस्म असलेलं काहीही देणार नाही, हे त्यांनी आपल्या दारावर लिहिलं, तर त्या पाटीचा जेवढा परिणाम होईल तेवढा दहा सरकारी पत्रकांचा होणार नाही. लोक त्यांचं ऐकतात.

एक शेवटची नोंद, दवाखान्यात अशा रुग्णाची फाइल लिहिणाऱ्यांसाठी. बाळंतपण झालं, डबी गेली, रक्ताचा आकडा खाली आला, की केस बंद झाली असं वाटतं. पण त्या आईच्या हाडांत शिसं आहे, आणि ती पुन्हा गर्भवती राहिली की ते पुन्हा सुटणार आहे. म्हणून तिच्या कार्डावर तारखेसह आकडा लिहा, औषधाचं नाव लिहा, आणि पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत रक्तातलं शिसं तपासावं हे लिहा. बाळाच्या कार्डावरही लिहा. कार्ड हरवतं, म्हणून तिला तोंडीही सांगा.